जुनं आउटबोर्ड घेताना पाणी विचारा

"नर्मदेवर चांदोदला छोटी बोट आहे, वल्ही मारून हात भरून येतात, आठ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड मिळतंय, घेऊ का?" बडोद्यात हे विचारणारे वाढलेत, आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "किती वर्षांपर्यंतचं चालेल?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. वर्षं नंतर बघू. ते आजवर कुठल्या पाण्यात चाललंय, हे आधी विचारा.

बोटीच्या मागच्या फळ्याला बाहेरून लावायच्या या इंजिनाला रेडिएटर नसतो. बोट ज्या पाण्यात आहे तेच पाणी पंपाने वर ओढून सिलिंडरभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. पाणी खारं असेल आणि काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुतलं नसेल, तर हीटिंग रॉडवर चढतो तसा क्षारांचा थर आतल्या वाटांत चढतो. तो बाहेरून दिसत नाही.

बडोद्याला माल बहुतेक तीन दिशांनी येतो. भरूचकडून किंवा किनाऱ्यावरून येणारं इंजिन भरतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं. त्यांतली काही केरोसीनवर चालणारी असतात: पेट्रोलवर सुरू करायची, तापली की कॉक फिरवून केरोसीनवर घ्यायची. जोडीला छोटी वेगळी पेट्रोलटाकी दिसली तर ओळखा. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. अलंगहून येतं ते मोडीत निघालेल्या जहाजाच्या रेस्क्यू बोटीवरचं. ते कवायतीपुरतंच चाललेलं, त्यामुळे झीज कमी, पण उभं राहून बिघडलेलं: कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा झालेला, पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची, इम्पेलरची, पाती वाकून तशीच कडक झालेली, सील वाळलेली. हे सगळं बदलता येतं. अडचण आकाराची आहे. ती इंजिनं साधारण २५ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठी असतात, तुमच्या बोटीला नकोतच. तिसरं तलावावरच्या रिसॉर्टचं. गोड्या पाण्यातलं म्हणून मला हेच पसंत, मात्र अशा इंजिनाचा इम्पेलर कुणी वेळेवर बदललेला असेल असं धरून चालू नका.

बघायला निघण्याआधी घरी बोटीचा मागचा फळा मोजा, वरच्या कडेपासून तळापर्यंत. साधारण १५ इंच भरला तर शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे आखूड पायाचं इंजिन, २० भरला तर लाँग. बसवल्यावर पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन ओरडतं आणि बोट हलत नाही.

सोबत प्लगपाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं), रुंद पेचकस आणि पांढरं फडकं न्या. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तुमच्या आधीच कुणीतरी सुरू करून ठेवलंय. गार झाल्यावर परत या. अंगणात कोरडं सुरू करून दाखवू देऊ नका. रबरी इम्पेलर पाण्यावाचून मिनिटभरात खराब होतो आणि मग तो बिघाड कुणाचा, यावर वाद घालत बसावं लागतं.

सुरू करण्याआधीच खालच्या गिअरपेटीचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब फडक्यावर घ्या. उभ्या इंजिनात पाणी तळाशी बसतं, म्हणून सील गेलं असेल तर आधी पाणीच येतं. चालवल्यानंतर बघितलंत तर तेल दुधाळ दिसेल. स्क्रूच्या चुंबकाला लागलेली बारीक राखाडी पूड ठीक. नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले की चहा पिऊन निघा. पंखा काढून मागे नायलॉनची मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का तेही बघा, सील बहुतेक तीच कापते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पंख्याचा दांडा हाताने फिरवा. टोक डोलत असेल तर दांडा वाकलाय.

बाहेरचा चकचकीत रंग मला खटकतो. खालच्या पायावरचा झिंकचा किंवा मॅग्नेशियमचा बळीचा तुकडा, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा अॅनोड, रंगवलेला असेल तर तो काम करत नाही आणि रंगवणाऱ्याला इंजिन कळत नाही. झाकण काढून बोल्टांची डोकी, रंगाखालचे फुगे, थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवतीची पांढरी पूड बघा. खाऱ्या पाण्याचं बिंग इथे फुटतं.

कॉम्प्रेशनसाठी सगळे प्लग काढून एकेका भोकात गेज लावा, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन सुरू करायची दोरी चार-पाच वेळा जोरात खेचा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांहून जास्त नको. छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये खेचायला सोपं जावं म्हणून दाब सोडायची सोय असते, तिथे आकडा कमी आला म्हणून घाबरू नका.

मग प्लॅस्टिकच्या पिंपात, आडवी पट्टी बुडेल इतक्या पाण्यात सुरू करा. मागच्या भोकातून थोड्याच वेळात सलग धार यायला हवी. आली नाही तर लगेच बंद करा आणि भोकात तार घाला, कधी नुसती माती किंवा किड्याचं घर असतं. तरीही धार नाही तर इम्पेलर. तो स्वस्त आहे. मात्र सिलिंडर हेडवरचा रंग तपकिरी पडला असेल तर इंजिन आधीच तापून गेलंय. गिअर फक्त आयडलवर टाकून बघा. भाराखाली गिअर सुटतो का आणि पंख्यातलं रबर घसरतं का, हे पिंपात कळत नाही, त्यासाठी नदीच हवी.

घेतलंत, तर त्याच आठवड्यात इम्पेलर, प्लग, गिअर तेल, पेट्रोलची नळी आणि फिल्टर बदला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय पाणी शोषतं. म्हणून महिनाभर चालवणार नसाल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, बहुतेक ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि. जुन्या मॉडेलांना दुप्पटही लागतं, ते माहितीपत्रकात बघा. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं, ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. स्कूटरचं टू-टी हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथे त्याची राख साठते. यामाहा-सुझुकीचे भाग मासेमारांच्या बंदरांवर मिळतात. नाव न ऐकलेल्या इंजिनाचा इम्पेलर कुठे मिळेल हे विकणाऱ्यालाच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सोडा.

कागदांचंही बघायला हवं. इंजिन बोटीला धरणाऱ्या कंसावरच्या (ब्रॅकेटवरच्या) पट्टीचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा. काही कंपन्या ब्लॉकवरही नंबर ठोकतात. पट्टी उपटलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते, ती चौकशी इंजिन घेण्याआधीच करा. आजवा तलावाचं तर बडोदा शहराला पिण्याचं पाणी जातं, तिथे परवानगी विचारल्याशिवाय पेट्रोलचं इंजिन नेऊच नका. चांदोदला वर केवडियाच्या सरदार सरोवर धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते, म्हणून वल्ही, नांगर आणि माणसागणिक लाइफ जॅकेट बोटीतच ठेवा, आणि किल स्विचची दोरी मनगटाला.