भरतीकाटा, पुढची नोंद: झाकण उघडल्यावर अडकलेली भरती सुटली

अखेर सापडलं. भरतीकाटा म्हणजे लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीवर (पॅनेलवर) पुढची भरती किंवा सुकती (ओहोटी) दाखवणारं माझं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम. लॅपटॉपचं झाकण मिटून काही तासांनी उघडलं की पॅनेलवर उलटून गेलेलीच भरती दिसत राहायची. त्या दुखण्याचं मूळ हाती लागलंय आणि उपायही बसलाय. त्यामुळे मागच्या नोंदीत ठरवलेलं बरंच काही बदलतंय.

आधी सद्यस्थिती. भरतीकाटा आता ग्नोम ४६, ४७ आणि ४८ वर चालतो, म्हणजे उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ दोन्हीकडे. ४४ आणि त्याआधीच्या ग्नोम शेलसाठी (डेस्कटॉप चालवणारा मुख्य प्रोग्राम) वेगळी प्रत ठेवणार नाही. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ पासून एक्स्टेन्शनना ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची फाइल जोडायची नवी पद्धत) सक्तीचं झालं. जुनी 'इम्पोर्ट्स' पद्धत गेली, आणि दोन्हीकडे चालेल अशी एकच फाइल लिहिता येत नाही. आवृत्तीची तपासणी बंद करणारी जीसेटिंग्जमधली (ग्नोमच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) किल्ली इथे कामाची नाही. ती फक्त मेटाडेटामधल्या (एक्स्टेन्शनच्या माहितीच्या फाइलमधल्या) आकड्याकडे काणाडोळा करते, जुना कोड नव्या शेलवर चालवून देत नाही.

वेळा इंटरनेटवरून आणायच्या नाहीत हा निर्णय कायम आहे. पावसाळ्यात वीज आणि टॉवर दोन्ही जातात, आणि नेमकं तेव्हाच उधाण कधी हे बघायचं असतं. वर्षाचा तक्ता एकदाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये भरायचा: एका ओळीत तारीख, वेळ आणि मीटरमध्ये उंची. भरतीपासून सुकतीपर्यंत सरासरी ६ तास १२ मिनिटं धरली तर वर्षाच्या सुमारे १४१० ओळी होतात आणि फाइल तीसेक केबीच्या पलीकडे जात नाही. आकडे भरल्यावर ताळा म्हणून तिथीची पाऊणपट करून बघा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ठिकाणाप्रमाणे थोडं पुढेमागे होईल, पण एखादी ओळ दोन-तीन तासांनी हुकली असेल तर भरताना गफलत झालीय हे लगेच कळतं.

ही फाइल वाचताना 'लोड कंटेंट्स असिंक' हाच मार्ग घ्या. एक्स्टेन्शन शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतं. तिथे थांबून वाचलं तर तेवढा वेळ सगळा डेस्कटॉप थिजतो. सोबत एक कॅन्सलेबल (चालू वाचन थांबवता येईल अशी वस्तू) ठेवा आणि एक्स्टेन्शन बंद होताना चालणाऱ्या डिसेबलमध्ये तो रद्द करा. नाहीतर वाचन संपेपर्यंत लेबल नष्ट झालेलं असतं आणि सिस्टीमच्या नोंदींत (जर्नलमध्ये) 'डिस्पोज झालेली वस्तू' अशा ओळींची रांग लागते.

आता मुख्य दुखणं. समजा रात्री १०:४० ला झाकण मिटलं. पॅनेलवर 'भरती ०१:१५' आहे, आणि त्या वेळेला वाजून पुढची सुकती दाखवणारा टायमर लागलेला आहे. त्याचे २ तास ३५ मिनिटं उरलेत. सकाळी ६:२० ला झाकण उघडलं. शेजारचं घड्याळ बरोबर ६:२० दाखवतं, पण भरती ०१:१५ वरच. मग ८:५५ ला ती एकदम बदलते. ६:२० मध्ये २:३५ मिळवा, ८:५५ येतात. हा हिशेब दरवेळी मिनिटाला मिनिट जुळतो. म्हणजे टायमर बिघडलेला नाही, तो झोपेचा वेळ मोजतच नाही.

कारण असं. जीलिबचे (ग्नोमच्या पायाभूत लायब्ररीचे) सगळे टाइमआउट लिनक्सच्या 'मोनोटॉनिक' घड्याळावर चालतात, आणि यंत्र सस्पेंड झालं की ते घड्याळ थांबतं. सस्पेंडमधला वेळही धरणारं 'बूटटाइम' घड्याळ कर्नलमध्ये वेगळं आहे. २०१८ मध्ये कर्नल ४.१७ च्या तयारीत ही दोन्ही एक करून पाहिली होती, पण त्या फरकावर विसंबलेले प्रोग्राम बिघडू लागले आणि बदल मागे घेतला गेला. तेव्हा हे वागणं असंच राहणार. 'अमुक सेकंदांनी' सांगितलेलं काम आणि 'अमुक वाजता' सांगितलेलं काम यांत सस्पेंड होणाऱ्या यंत्रावर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यांत चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. तोच कोड, तोच डेबियन, पण रत्नागिरीच्या यंत्रावर हे दिसायचं आणि मालवणच्या यंत्रावर अजिबात नाही. उत्तर लॉक स्क्रीनमध्ये निघालं. स्क्रीन लॉक झाली की ग्नोम शेल एक्स्टेन्शनचं डिसेबल बोलावतं आणि उघडली की पुन्हा इनेबल. मालवणच्या यंत्रावर सस्पेंड होताना लॉक चालू होतं, त्यामुळे उघडताना सगळा हिशेब नव्याने व्हायचा आणि दुखणं झाकलं जायचं. रत्नागिरीच्या यंत्रावर मेटाडेटामधल्या सेशन मोडमध्ये (एक्स्टेन्शन कुठल्या अवस्थांत चालू राहावं त्याची यादी) 'यूजर'सोबत 'अनलॉक डायलॉग'ही टाकलेला होता, कारण लॉक स्क्रीनवरच भरती दिसावी ही तिथली मागणी. तिथे इनेबल पुन्हा होतच नाही, जुना टायमर तसाच पुढे चालतो. ज्यांनी सस्पेंडचं लॉक बंद ठेवलंय त्यांनाही हेच दिसलं असणार. लॉक-अनलॉक केल्यावर एक्स्टेन्शन आपोआप सुधारत असेल तर आधी इथे बघावं. बऱ्याच एक्स्टेन्शनांमधले टायमरचे दोष अशाच रीतीने वर्षानुवर्षं लपून राहतात.

पहिला उपाय सिस्टीम डी-बसवरचा, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरचा. लॉगिन आणि झोप सांभाळणारं लॉगिनडी 'प्रिपेअर फॉर स्लीप' नावाचा सिग्नल देतं: झोपण्याआधी 'ट्रू', उठल्यावर 'फॉल्स'. 'फॉल्स' आला की जुना टायमर काढायचा, तक्त्यात पुन्हा शोधायचं, नवा लावायचा. चाचणीसाठी झाकण मिटून बसायची गरज नाही. सुडोसह आरटीसीवेक ही आज्ञा 'मेम' मोडमध्ये ३०० सेकंदांसाठी चालवा. यंत्र झोपतं आणि पाच मिनिटांनी आपणहून उठतं. तक्त्यात दोन मिनिटांनंतरची खोटी भरती घातली की एका फेरीत निकाल मिळतो. या चाचणीत उपाय उत्तम चालला.

पण एका जुन्या डेस्कटॉपवर तो पुरा पडला नाही, आणि तो डेस्कटॉप सस्पेंड होतच नाही. त्याच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. वीज गेली की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन पडते. चालू होताना एक्स्टेन्शन त्या चुकीच्या तारखेवरून टायमर लावतं, आणि मिनिटाभराने नेटवरून वेळ दुरुस्त होते तेव्हा टायमरला त्याचा पत्ताच नसतो. सस्पेंड झालेलं नाही, म्हणून सिग्नलही नाही. विंडोजसोबत दुहेरी बूट असलेल्या यंत्रावर हीच गोष्ट जास्त फसवी होते. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं आणि साडेपाच तास पुढे धावतं. भरती-सुकतीत अंतरच सव्वासहा तासांचं, त्यामुळे साडेपाच तासांच्या चुकीत पॅनेल जवळजवळ उलटंच सांगतं: पाणी चढत असताना सुकती. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरणाऱ्यासाठी ही चूक चालवून घेण्यासारखी नाही.

म्हणून टायमर आणि सिग्नल दोन्ही काढून टाकले. ग्नोमचं स्वतःचं वरचं घड्याळ झोपेतून उठल्यावर कधीच चुकत नाही. मग ते कशावर चालतं? ग्नोम-डेस्कटॉप लायब्ररीतल्या 'वॉलक्लॉक'वर. ते खऱ्या वेळेच्या घड्याळावर टायमर-एफडी (कर्नलचा टायमर) लावतं आणि कुणी वेळ बदलली की ती प्रतीक्षा रद्द होऊन लगेच जागं होतं. झोप असो, नेटवरची दुरुस्ती असो, हाताने बदललेली वेळ असो, तिन्ही यात येतात. इनेबलमध्ये वॉलक्लॉकची एक नवी वस्तू बनवायची, तिच्या 'नोटिफाय क्लॉक'ला जोडायचं, दर मिनिटाला येणाऱ्या हाकेवर आत्ताची वेळ घेऊन तक्त्यात बायनरी सर्च करायचं. डिसेबलमध्ये जोडणी तोडायची आणि वस्तू नल करायची. पॅनेलच्या घड्याळातलं आतलं वॉलक्लॉक उसनं घेऊ नका. ते खाजगी फील्ड आहे, पुढच्या आवृत्तीत नाव बदललं की एक्स्टेन्शन मोडेल. एक खाचखळगा: सेकंद दाखवायचं सेटिंग चालू असेल तर ही हाक दर सेकंदाला येते. शेवटचं मिनिट लक्षात ठेवा, ते बदललं नसेल तर परत फिरा.

सेल मेलेल्या डेस्कटॉपवर, दुहेरी बूटवर आणि आरटीसीवेकच्या फेऱ्यांत, सगळीकडे पॅनेल वेळ दुरुस्त होताच सुधारलं. कोड आधीपेक्षा निम्मा झाला, याचा आनंद वेगळाच. दुहेरी बूटवाल्यांनी तरीही विंडोजलाच हार्डवेअर घड्याळ यूटीसीत ठेवायला लावावं, कारण नेट नसेल तर वेळ दुरुस्त करणारं कुणीच नाही. आणि सेल बदला, तो स्वस्तातला असतो.

दर मिनिटाची हाक आता फुकटात मिळतेय, तर फक्त पुढची वेळ का दाखवायची? पाण्याची आत्ताची पातळीही काढता येते. दोन टोकांच्या उंचीची सरासरी घ्या आणि त्यांच्या फरकाच्या निम्म्याला कोसाइनने गुणून मिळवा. सुकती ५:४० ला ०.६ मीटर आणि भरती ११:५२ ला २.४ मीटर असेल तर ८:४६ ला १.५ मीटर. मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यांत जोरात चढतं, टोकांना जवळजवळ थांबतं. रापण ओढणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण पॅनेलवरचा आकडा त्याच चालीने सरकताना बघायला फार छान वाटतं. हा अंदाज शांत हवेचा आहे. हवेचा दाब एक हेक्टापास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, आणि वारा किनाऱ्याकडे लावून धरत असेल तर आणखी.

उधाण (सर्वांत मोठी भरती-सुकती) आणि भांग (सर्वांत लहान) यांचा रंग द्यायचं काम राहिलंय. बेत असा होता की ६ जानेवारी २००० च्या अमावास्येपासून २९.५३०६ दिवसांचे सरासरी चांद्रमास मोजत तिथी काढायची. पण सरासरीने काढलेली अमावास्या खऱ्या अमावास्येपासून बारा-चौदा तासही हुकू शकते, शिवाय सगळ्यांत मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की चंद्राकडे जायचं कारणच नाही. उंची तक्त्यातच आहे. त्या दिवसाची सर्वांत मोठी भरती वजा सर्वांत खालची सुकती, एवढंच काढा. हा फरक वर्षातल्या वरच्या पाव भागात असेल तर उधाण, खालच्या पावात असेल तर भांग. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून एका भरतीवरून ठरवायचं नाही, पूर्ण दिवस धरायचा. तिथीचं मॉड्यूल रद्द, आता हेच.

दिसण्याबद्दल थोडं. देवनागरी अंक हवे असतील तर जावास्क्रिप्टमधल्या इंटलच्या डेटटाइमफॉरमॅटला 'एमआर-आयएन' द्या, आणि 'अवर सायकल'ला 'एच२३' द्या, म्हणजे मध्यरात्र ००:०५ अशीच दिसेल. ग्नोमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि घड्याळाच्या ओळीत नीट बसत नाहीत. स्टाइलशीटमध्ये फक्त आपल्या लेबलला 'मुक्ता' लावला की काम होतं. 'एक टाइप' या संस्थेचा हा फॉन्ट मुक्त आहे, पॅनेलच्या छोट्या आकारातही मात्रा स्वच्छ दिसतात, आणि माझ्या मते इंटरफेससाठी त्याच्याइतका चांगला देवनागरी फॉन्ट दुसरा नाही. लेबलला 'एम' या मापात (अक्षराच्या आकारावर ठरणारं माप) किमान रुंदीही द्या, नाहीतर अंक बदलला की शेजारचे आयकॉन हलतात.

मी वापरतो त्या बाकीच्या एक्स्टेन्शनांच्या संचात फारसा बदल नाही. कॅफीन आणि ॲपइंडिकेटर हवेतच. फोन लॅपटॉपला जोडणाऱ्या जीएसकनेक्टला फोन सापडत नसेल तर फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा. बहुतेकांचा घोळ तिथेच असतो. क्लिपबोर्ड इंडिकेटर सोयीचं आहे, पण इतिहास कॅश फोल्डरमध्ये साध्या मजकुरात राहतो, बँकेचा पासवर्ड कॉपी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ब्लर माय शेल नकोच. मेमधल्या दमट उकाड्यात पंखा आधीच कासावीस असतो, त्याला वर धूसर काचेचं काम कशाला. आणि नवं काहीही बसवण्याआधी 'डीकॉन्फ डंप' ही आज्ञा चालवून शेल-एक्स्टेन्शनची सगळी शाखा एका फाइलमध्ये काढून ठेवा.

खाडीतल्या गावांसाठी मिनिटांचा फरक सेटिंग्जमध्ये येतोय. बंदरापेक्षा आत भरती उशिरा पोचते, म्हणून उणे १२० ते अधिक २४० एवढी मुभा ठेवलीय. ग्नोमच्या ॲडवेटा लायब्ररीतल्या स्पिनरोने (आकडा कमी-जास्त करायची ओळ) सेटिंग्जचं पान पटकन झालं. फोल्डर सिमलिंकने जोडून काम करणाऱ्यांनी स्कीमा (सेटिंग्जच्या किल्ल्यांची व्याख्या) बदलल्यावर जीलिब-कंपाइल-स्कीमाज हाताने चालवायचं, नाहीतर जुनीच किल्ली वाचली जाते.

अनलॉक डायलॉग ठेवतोय. ग्नोमच्या एक्स्टेन्शन साइटवर द्यायचं तर तो का लागतो हे डिसेबलमध्ये टिप्पणी म्हणून लिहावं लागतं, तेवढं राहिलंय. मग ग्नोम ४९ ची चाचणी. तिथे खिडकीतला शेल 'नेस्टेड' ऐवजी 'डेव्हकिट' पर्यायाने चालवायचा असतो आणि त्यासाठी मटर-डेव्हकिट वेगळं बसवावं लागतं. ते जमलं की झिप इथे टाकतो. देवगड आणि वेंगुर्ल्याचे तक्ते कुणी भरून ठेवले असतील तर याच तीन रकान्यांत पाठवा, उंची मीटरमध्ये आणि वेळ चोवीस तासांची.