हाकेला ओ देणाऱ्या

१२ मे २०२१, बुधवार

आज जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल. माझ्या डोक्यात मात्र आमच्या ग्रुपमधल्या मुली आहेत. नर्सिंगचं पहिलं वर्ष मोबाइलवरच चाललंय, एकमेकींना समोरासमोर पाहिलेलंही नाही.

धडगाववालीला रेंज मिळत नाही, मिळाली तर डेटा दुपारीच संपतो. म्हणून जालनावाली रोज रात्री त्या दिवशीचं ॲनाटॉमी मराठीतून समजावून व्हॉइस नोट टाकते. मागे तिच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींना त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकापेक्षा तिच्याकडून जास्त कळतं. बेड मेकिंगचा सराव घरच्या दिवाणावर. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी सांगतंच, "चादरीचा कोपरा सैल राहिलाय गं, परत घाल."

गेल्या महिन्यात लातूरवालीच्या बाबांना कोरोना झाला. रात्री तिचा कॉल आला, रडतच होती. जालनावालीने तिला आधी रडू दिलं. मग म्हणाली, "बाबांचा हात गार असेल तर चोळून गरम कर. पाच मिनिटं शांत बसू दे त्यांना. ऑक्सिमीटर लावलेलं बोट हलू देऊ नको, आकडा स्थिर झाला की वाच." ऑक्सिजन ९१ आला. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. बेड मिळेपर्यंत त्यांना पालथं झोपवायला डॉक्टरांनी सांगितलं. एक उशी मानेखाली, छातीपासून मांड्यांपर्यंत एक-दोन, नडग्यांखाली दोन. घरात तेवढ्या उशा नव्हत्या, गोधड्यांच्या घड्या घातल्या. पहाटे बेड मिळेपर्यंत आम्ही कुणीच फोन ठेवला नाही. काका आता घरी आलेत, चालताना अजून दम लागतो.

नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक जीन वॉटसन यांनी १९७९ मध्ये मांडलेला केअरिंगचा, म्हणजे काळजी घेण्याचा, सिद्धांत आम्हाला अभ्यासाला आहे. नर्सिंग म्हणजे नुसती कामं उरकणं नव्हे, समोरच्या माणसाशी जुळलेलं नातं, असं त्यात आहे. मला तो त्या रात्री कळला. कॉलेजांनी ऑनलाइन वर्गातही मुलींचे छोटे गट पाडून द्यायला हवेत असं मला फार वाटतं. हजेरीत फक्त गैरहजर दिसतं. घरात काय चाललंय ते मैत्रिणींनाच आधी कळतं.

आज जालनावालीला ताप आहे. टेस्टला स्वॅब दिलाय. दर चार तासांनी ताप आणि ऑक्सिजन ग्रुपवर टाकायचं तिने कबूल केलंय. रात्रीची व्हॉइस नोट आज मी करणार आहे. श्वसनसंस्था आहे, वाचायला बसते.