आमची वाटचाल : अंतर मीटरमध्ये नाही, सेकंदांत

आम्ही गेम बनवत नाही, गेममधल्या जागा बनवतो. मल्टिप्लेअर शूटरचे, म्हणजे टीम करून ऑनलाइन खेळायच्या गोळीबाराच्या गेमचे मॅप. भिंत कुठे, जिना कुठे, झेंडा कुठे, हे ठरवायचं काम. कोथरूडला एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. खालच्या पेशंटना वरच्या गोळीबाराच्या आवाजाची आता सवय झालीय.

कंपनी 2016 सालची, पण शाळा त्याआधीची, सायबर कॅफेतली. तिथे जो तो काउंटर-स्ट्राइक या शूटर गेममधला डस्ट2 हा मॅप लावायचा. डेव्हिड जॉन्स्टनने 2001 मध्ये बनवलेला हा मॅप लोकांना कंटाळवाणा का होत नाही, हे बघायला मी हॅमर एडिटर, म्हणजे मॅप बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसलो आणि तिथेच अडकलो. एक टीम बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. लावायच्या जागा दोनच, ए आणि बी. आजच्या काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये बॉम्ब फुटायला 40 सेकंद लागतात. तो निकामी करायला 10, त्यासाठीचं किट जवळ असेल तर 5. म्हणजे ए राखणाऱ्याला बीवर पोचून, तिथले शत्रू हटवायला जास्तीत जास्त 30-35 सेकंद. दोन जागांमधलं अंतर या हिशोबात बसावंच लागतं. दिसायला छान म्हणून ते ठरत नाही.

सुरुवातीला पेट्या आणि पिंपांची मॉडेल्स करून दिवस काढले. मग युरोपातल्या एका छोट्या स्टुडिओने तीन झेंड्यांचा मॅप सुधारायला दिला. झेंडा म्हणजे टीमने ताब्यात घेऊन राखायची जागा, इथे ए, बी आणि सी. गाव देखणं होतं, चर्च, पवनचक्की, सगळं. पण खेळताना टीम अशी काही उरतच नव्हती. अनरीअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राचा मूळ वेग सेकंदाला 600 सेंटिमीटर असतो. तिथे झेंडे 120 मीटरवर, म्हणजे सरळ धावत 20 सेकंद. मदत पोचेपर्यंत झेंडा गेलेला आणि माणूसही.

आम्ही कॉलेजची पोरं खेळायला बसवली आणि गेमचा आवाज बंद करून फक्त माइक ऐकले. ‘अरे, बीवर कोणी आहे का?’ असं विचारायचं आणि पुढे शांतता. मधला झेंडा चर्चमधून उचलून पवनचक्कीपाशी नेला, एक गल्ली उघडली आणि अंतर 10 सेकंदांवर आणलं. संध्याकाळी तीच पोरं ओरडत होती, ‘थांब, मरू नको, आलोच!’ अजूनही आमची चाचणी हीच. आलेख नंतर.

याहून जवळ आणलं तर मात्र सगळे एकाच कोपऱ्यात गोळा होतात आणि एका ग्रेनेडमध्ये संपतात. कबड्डीतल्या साखळीसारखं आहे: हात सुटेल इतकं लांब नको, एकमेकांच्या पायात येईल इतकं जवळही नको. शिवाय सगळ्या वाटा सारख्या नकोत. जवळची वाट उघडी ठेवा, आडोशाची थोडी लांबून न्या. मग कोणी कुठून यायचं हे टीमला बोलूनच ठरवावं लागतं.

क्लायंटला हल्ली बॉम्ब लावायच्या तीन जागा हव्या असतात, कारण व्हॅलोरंट या शूटरमधला तीन जागांचा हेवन मॅप. मी शक्यतो परावृत्त करतो. पाच जण तीन जागांवर वाटले की एकीकडे एकटा राहतोच. त्याच्यापर्यंत मदत पटकन पोचेल अशी मधली वाट आखणं फार अवघड, आणि तेवढ्या चाचणीच्या फेऱ्यांचे पैसे कोणी देत नाही. पैशांवरून आठवलं: एक परदेशी स्टुडिओ बंद पडला आणि आमचा शेवटचा हप्ता बुडाला. तेव्हापासून निम्मे पैसे आधी.

2021 मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, आल्यावर मोबाइलची कामं वाढली आणि आमचे आकडे पुन्हा मांडावे लागले. अंगठ्याने वळायला वेळ लागतो, बसमध्ये खेळणाऱ्याचा माइक बंद असतो. म्हणून तिथे सेकंद थोडे सैल ठेवतो आणि एका झेंड्यावरून दुसऱ्याचं निदान छप्पर तरी दिसेल अशी फट सोडतो. सध्या एका बंदराच्या मॅपवर नेमकी ती फट एक क्रेन अडवतेय. आर्टवाल्यांना ती क्रेन फार आवडते, त्यामुळे वाद चालू आहे.