कोविडनंतर वर्गात परतताना

ताप गेला, चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे सहा तास उभं राहून शिकवता येईल, असं नाही. आधी घरीच चालण्याची चाचणी घ्या. ऑक्सिमीटर बोटाला लावून ६ मिनिटं सपाट जागेवर चालायचं. ऑक्सिजनचा आकडा ९३ टक्क्यांच्या खाली गेला किंवा सुरुवातीपेक्षा ३ हून अधिक उतरला, तर शाळा राहू द्या, डॉक्टरांना गाठा. नेलपॉलिश, मेंदी किंवा गार बोटं असतील तर आकडा फसवा येतो.

खरा घोळ थकव्याचा. तो त्याच दिवशी येईलच असं नाही, एकदोन दिवसांनी गाठतो. सोमवारी बरं वाटलं म्हणून सगळे तास घेतले, की बुधवारी अंथरूण! म्हणून मुख्याध्यापकांकडून सलग दोन तासांनंतर एक ऑफ तास मागून घ्या आणि त्यात वह्या तपासू नका. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली बदलून मागा. यात कसली लाज?

आवाज बसला असेल तर कुजबुजू नका, त्यानेही घशावर ताण येतोच. फळ्याकडे तोंड करून बोलणंही टाळा; आवाज मागे पोचत नाही आणि आपण नकळत ओरडतो. कमरेला लावायचा छोटा माइक फार कामाचा. धाप लागली की बसा, नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सोडा. तीन-चार आठवड्यांतही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना स्वरयंत्र दाखवा.