आमची वाटचाल : रिमॅपच्या आधीचं काम

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आसपास आमचं गॅरेज. सुरुवात साध्या सर्व्हिसिंगने झाली : ऑइल, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या आमच्याकडे यायला लागल्या त्या जुन्या झाल्यावर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं बिल मालकाला झेपेनासं झालं तेव्हा. बहुतेक स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टर्बो, मागाहून लॉरा टीएसआय, अधूनमधून फियाट लिनिया टी-जेट. मागणी सगळ्यांची एकच : पिकअप वाढवून द्या. आज आमचा धंदा मुख्यतः याच कामावर चालतो आणि त्याला एक नियम आहे. तपासणी पुरी झाल्याशिवाय रिमॅपचा, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचा, लॅपटॉप उघडायचा नाही.

१५० पीएसच्या ऑक्टेव्हियाचा एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, वरच्या आरपीएमला, सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा दाखवायला हवा. तो आकडा ०.८ ने भागला की अंदाजे बीएचपी मिळतो. जुनी गाडी ९०-९५ वरच अडकते. म्हणजे कंपनीने दिलेलेच पस्तीसेक घोडे कुठेतरी गळालेत, किंवा सेन्सरच म्हातारा झालाय. अशा गाडीवर रिमॅप चढवला की टर्बो गळती भरून काढायला जास्त फिरतो, हवा तापते आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं.

म्हणून पहिली लीक टेस्ट. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून तिथे टोपी बसवायची, टायरचा व्हॉल्व्ह लावून १ बारपर्यंत हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. क्रॅंककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी) आधी बंद करायला विसरू नये, नाहीतर हवा इंजिनात शिरते, डिपस्टिक उडते, कधी ऑइल सील जातं. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदरचे रबरी पाइप उष्णतेने बिस्किटासारखे तुटतात. ते सेटच बदलायचे, तुकडा जोडून भागत नाही. डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा जादा दाब वळवणारा) हातात घेऊन तपासता येतो : आतली चकती बोटाने दाबायची, वरच्या नळीवर दुसरं बोट घट्ट ठेवायचं आणि चकती सोडायची. ती दाबलेलीच राहिली तर पडदा शाबूत, हळूहळू वर आली तर फाटलेला. बदलताना आम्ही बॉशचा ७१०एन लावतो. चमकदार ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हचा हट्ट बहुधा आवाजासाठीच असतो.

फ्युएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघताना आता एक भान ठेवावं लागतं. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल भरलं की ई१० पेक्षा साधारण ३-४ टक्के जास्त इंधन लागतं, त्यामुळे स्कॅनरच्या ब्लॉक ०३२ मध्ये ट्रिम अधिक ३-४ दिसली म्हणून लगेच गळती शोधत बसू नये. अधिक १० च्या पुढे गेली तर मात्र शोधावीच. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप आम्ही याच टप्प्यावर बदलून टाकतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब बनतो ते : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांत दीड बारपेक्षा जास्त फरक दिसला तर काम तिथेच थांबतं. ऑइल प्रेशर गरम इंजिनावर २,००० आरपीएमला २ बारच्या खाली असेल तर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून ऑइल पंपाच्या पिकअपची, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीची, जाळी बघायची. ती हमखास गाळाने बुजलेली सापडते. टर्बोला ऑइल देणारी नळी एक्झॉस्टजवळून जाते. तापलेली गाडी लगेच बंद करायची सवय असेल तर आत ऑइल जळून कोळसा धरतो. नवा टर्बो बसवून जुनी नळी तशीच ठेवणं म्हणजे टर्बोचे पैसे पाण्यात.

एवढं झालं की बऱ्याच मालकांना गाडी चालवून बघितल्यावर रिमॅपची गरजच वाटत नाही. आमचं बिल कमी होतं, पण तोच माणूस पुढचे दोन आणतो.

ज्यांना पुढे जायचंच आहे त्यांच्यासाठी प्लग एक नंबर थंड, एनजीकेचे बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी. गॅप जास्त ठेवली तर वाढलेल्या बूस्टमध्ये (टर्बोच्या हवेच्या दाबात) ठिणगी विझते आणि दोष कॉइलवर जातो. टॉर्क २७०-२८० एनएमच्या घरात गेला की जुनी क्लच प्लेट चौथ्या गिअरला घसरायला लागते, तेव्हा तिचा खर्च आधीच सांगतो. मॅप मालक रोज भरतो त्याच पेट्रोलवर बसवतो. चाचणी डायनोवरच (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारे रोलर), रस्त्यावर नाही. ईस्टर्न फ्रीवेची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि तिसऱ्या गिअरला रेडलाइनपर्यंत जाताना ती कधीच मागे पडते. डायनोवर ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट बघतो, ०२० मध्ये नॉकिंगमुळे प्रत्येक सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग किती मागे येतंय ते. सहा अंशांच्या पुढे गेलं की मॅप खाली घेतो.

मोठा फ्रंट इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) मुंबईत जपूनच लावावा. तो एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये वारा नसतोच, मग एसी मरतो आणि टेम्परेचर चढतं. पुढच्या चाकासमोर बसणारा मूळ कूलर उतरवून चिखल-धूळ धुतली तरी फरक पडतो. बंपरात खाली आणलेला एअर इनटेक आम्ही लावतच नाही. हिंदमाताला पाणी तुंबलं आणि इंजिनाने एक घोट घेतला की कनेक्टिंग रॉड वाकला.

कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) काढायची कामंही घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतली माहिती मूळ कंपनीच्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. बदल केला तर विम्याच्या कंपनीला आधी कळवा, हेही बिलाबरोबर सांगतो. डिलिव्हरीच्या वेळी मूळ सॉफ्टवेअरची फाइल पेनड्राइव्हवर मालकाला देतो. गाडी विकताना ती परत चढवता येते. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल बदलायला आणि सगळ्या क्लिपा पुन्हा आवळायला मात्र गाडी परत आणावीच लागते.