आमची वाटचाल : आधी पाणी तपासतो, मग आम्लाचा ड्रम देतो

संगमनेर तालुक्यात वस्तीवस्तीवर पोल्ट्रीच्या शेड आहेत. आमची सुरुवात झाली ती पशुखाद्य आणि कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानातून. विष्ठा पातळ झाली, मरतूक वाढली की शेतकरी यायचे आणि अँटिबायोटिक मागायचे. कितीतरी शेडवर तर आजार नसतानाही, नुसतं वजन वाढावं म्हणून, खाद्यातून कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक चालायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी आणली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गात माणसांच्या डॉक्टरांकडे उरतं ते हे औषध. ते खाद्याच्या पोत्यात जायला नकोच होतं. युरोपने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं १ जानेवारी २००६ पासूनच थांबवलं होतं.

२०१९ च्या बंदीपासून आमचा धंदा सेंद्रिय आम्लांवर, म्हणजे पाण्यात किंवा खाद्यात मिसळायच्या फॉर्मिक, प्रोपिओनिक अशा आम्लांवर, उभा आहे. आणि त्यातही पाण्यावर, कारण करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेतकऱ्याच्या हातात उरतं ते पाणी. पक्षी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आजारी पक्षी खाणं सोडतो, पण बरेचदा पाणी पीत राहतो.

साल्मोनेला आणि ई. कोलाय या जिवाणूंना सातच्या आसपासचा पीएच मानवतो (हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट). फॉर्मिक किंवा प्रोपिओनिक आम्लाचा न फुटलेला रेणू जिवाणूच्या आत शिरतो आणि तिथे फुटतो. आतला पीएच घसरतो आणि तो सावरण्यातच जिवाणूची ताकद संपते. रेणू न फुटता राहायला पाणी आंबट लागतं, म्हणून आम्ही पाण्याचा पीएच चारच्या आसपास आणतो. फार खाली नेलं तर पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी घटलं की खाणंही घटतं.

खरी मेख मात्र आपल्या भागातल्या पाण्यात आहे. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल गिळून टाकतात. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेडवर, एकीकडे विहीर आणि दुसरीकडे खोल बोअर असेल तर मात्रेत मोठा फरक पडतो. डब्यावर छापलेला 'हजार लिटरला इतके मिली' हा आकडा म्हणूनच आम्ही शेतकऱ्याला सांगत नाही. त्याचंच पाणी घेऊन, पीएच मीटर लावून, थोडं थोडं आम्ल घालत मात्रा ठरवतो. यात वेळ जातो, विक्री हळू होते. पण हेच आमचं काम आहे असं मी मानतो.

दुसरी गोष्ट पाइपलाइनची. आतून बुळबुळीत थर साचलेल्या लाइनमध्ये एकदम आम्ल सोडलं की तो थर सुटतो आणि पक्षी ज्यातून पाणी पितात ती निपल तुंबतात. म्हणून पक्ष्यांची बॅच निघाल्यावर, शेड रिकामी असताना, हायड्रोजन पेरॉक्साइडने लाइन धुवून घ्यायला लावतो. पाण्यातून लासोटा (राणीखेत रोगाची लस) किंवा गंबोरो रोगाची लस द्यायची असेल तेव्हा आम्ल बंद, क्लोरीनही बंद.

खाद्यासाठी आवरण दिलेलं ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचा क्षार) आम्ही मोठ्या उत्पादकाकडून आणून देतो, कारण साधं ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचतच नाही. ते बनवण्याची यंत्रणा आमच्याकडे नाही. पाण्यासाठीचं मिश्रण मात्र आमचं. फॉर्मिक आम्ल कातडी भाजतं, म्हणून आमच्याकडे काम करणाऱ्या पोरांच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असतोच. शेतकऱ्यालाही बजावतो : दादा, आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी नको.

मरतूक चढलेल्या शेडवरून फोन आला तर मी ड्रम पाठवत नाही, पशुवैद्यकाकडे पाठवतो. आम्ल हे औषध नव्हे. ते जिवाणूंचा भार कमी ठेवतं, जडलेला रोग बरा करत नाही.

पावसाळ्यानंतर विहिरींचं पाणी बदलतं, म्हणून त्या दिवसांत आम्ही तपासणी फुकट करतो. बाटली टाकीतून भरू नका, शेडच्या शेवटच्या निपलमधून भरून आणा.