कुट्टी मशीनची वेबसाइट आणि फोनशेजारची वही

आमचा कडबा कुट्टी मशीन, म्हणजे जनावरांची वैरण बारीक कापायचं यंत्र, बनवायचा छोटा कारखाना आहे, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभा केलेला. मी हिशोब आणि ऑफिस बघते. सगळे काढतात म्हणून आम्हीही २०१६ साली वेबसाइट काढून घेतली होती. दरवर्षी डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचं (साइट ठेवायच्या जागेचं) बिल यायचं, मी ते भरायचे, आणि आबा दरवर्षी एकच प्रश्न विचारायचे, "यातनं एक तरी मशीन खपलं का गं?"

खपलं नव्हतं. निदान कुणी सांगितलं तरी नव्हतं.

साइट दिसायला झकास होती. वर सरकणारे मोठमोठे फोटो, त्यात एकमेकांशी हात मिळवणारे दोन सुटाबुटातले गोरे गृहस्थ (हे कोण, ते आजतागायत कळलेलं नाही), खाली इंग्रजीत आमचं ध्येय, आमची दूरदृष्टी, आम्ही अग्रगण्य उत्पादक. विक्री वाढवायची म्हटल्यावर जो भेटेल तो सांगायचा, साइट जुनी झाली, नवीन डिझाइन करा. एक जण तर गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणायची गॅरंटी द्यायला तयार होता. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. तेव्हा त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नवीन डिझाइनला पैसे घालण्याआधी आहे त्याचं काय दुखतंय ते बघावं, असं ठरवलं. पण बघायचं तर हातात किल्ल्या हव्यात. डोमेन आमच्या नावानं नव्हतंच. ज्यानं साइट केली त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. माणूस वाईट नव्हता, पण फोन उचलायचा नाही. शेवटी डोमेन आमच्या खात्यावर वळवून घेतलं, होस्टिंगचा पासवर्ड घेतला आणि गूगलचं सर्च कन्सोल जोडलं. ते फुकट आहे. लोक काय शोधून आपल्यापर्यंत येतात, कुठल्या पानावर येतात, ते त्यात दिसतं. छोट्या धंदेवाल्यांना मी आता पहिली गोष्ट हीच सांगते: डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आज बघा. बाकीचं नंतर.

आकडे जमायला लागले तसं चित्र स्पष्ट झालं. येणारे जवळजवळ सगळे आमच्या कारखान्याचं नाव टाइप करून येत होते. म्हणजे ज्यांना आम्ही आधीच ठाऊक, तेच. ज्याला नुसतं कुट्टी मशीन हवंय, त्याला आमचा पत्ताच नव्हता. लागणार तरी कसा? अख्ख्या साइटवर कुट्टी मशीनचं इंग्रजी नाव 'चाफ कटर' लिहिलेलं. मराठी म्हणून एकच पान, तेही माहितीपत्रक स्कॅन करून चिकटवलेलं. फोनवर ते दोन बोटांनी ताणून वाचावं लागे, आणि गूगलच्या लेखी ते एक चित्र.

त्याच सुमारास मी फोनशेजारी एक वही ठेवली. ऑफिसात जो फोन उचलेल त्यानं गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्याच भाषेत लिहायचा, एवढंच काम. वही भरत गेली तसे तेच तेच प्रश्न फिरून यायला लागले. किंमत काय? मोटार धरून का सोडून? घरच्या सिंगल फेजवर चालेल का? ओली वैरण आणि वाळका कडबा दोन्ही कापतंय का? उसाचं वाडं अडकत नाही ना? पाती झिजली तर कुठं मिळतील? जतला पोचवायला भाडं किती? आणि सगळ्यात जास्त वेळा, "सबसिडीत बसतंय का? टेस्ट रिपोर्ट मिळंल का?"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नव्हतं. दूरदृष्टी मात्र होती.

मग त्या वहीवरूनच साइट लिहायला घेतली. प्रत्येक मशीनला स्वतंत्र पान. वर फोटो, लगेच खाली किती एचपीची मोटार, सिंगल फेज का थ्री फेज, काय कापतं, काय कापत नाही. हे शेवटचं लिहायला आबांची परवानगी पटकन मिळाली, कारण लहान मशीनमध्ये जाड वाडं घालून मोटार जाळलेल्या लोकांशी फोनवर तेच बोलतात. किमतीवर मात्र घरात महाभारत झालं. आबांचं म्हणणं, भाव उघडा टाकला तर डीलर नाराज होतील आणि शेजारचा कारखानेवाला दोनशे रुपयांनी खाली येईल. माझं म्हणणं, शेजारच्याला आपला भाव आत्ताही माहीत आहे, माहीत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला. शेवटी 'अमुक रुपयांपासून, मोटारीसह, गाडीभाडं वेगळं' असं लिहायचं ठरलं. डीलरांना आधी फोन करून सांगितलं. कुरकुर झाली, पण भांडण कुणी केलं नाही.

मराठी मजकुराची वेगळीच कटकट. माहितीपत्रकाची मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून आणली, तर ती जुन्या फॉन्टमधली. ती साइटवर टाकली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा लिपीत, आणली, तेव्हा अक्षरं मराठी झाली पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला अर्धा र दर ठिकाणी मोडलेला. तो एकेक करून हातानं दुरुस्त केला. कुट्टी, पाती, वैरण, गव्हाण हे शब्द आता साइटवर सरळ मजकूर म्हणून आहेत. शीर्षकात 'कडबा कुट्टी' एकदा इंग्रजी अक्षरांतही घातलं, कारण सर्च कन्सोलमध्ये बरेच जण तसंच टाइप करताना दिसत होते.

वेगाचं दुखणं सोपं निघालं. पानाच्या वेगाची तपासणी करणारं गूगलचं एक फुकट साधन आहे, त्यात साइट घातली तर मोबाइलची बाजू लालेलाल. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी अपेक्षा. आमच्या साइटवर कॅमेऱ्यातले चार-चार, पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले. आटपाडीकडच्या एखाद्या वस्तीवर, रेंज एक काडी असताना, कोण थांबतंय? फोटो लहान करून शंभर-दीडशे केबीवर आणले, सरकता स्लायडर काढला, ते गोरे गृहस्थही त्यातच गेले. आता गूगल मोबाइलवरचीच साइट धरून चालतं, त्यामुळे संगणकावर ती कशी दिसते याची चिंता मी सोडली. बदल झाला की गोठ्यात उभं राहून वापरतात तसल्या साध्या फोनवर उघडून बघते.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं दिसायचं, ते होस्टिंगच्या पॅनेलमधूनच फुकट सर्टिफिकेट लावून गेलं. एका डीलरच्या पोरानं त्यावरून "तुमच्या साइटला व्हायरस आहे का?" असं विचारलं होतं. गूगल मॅपवरची खूणही मागच्या गल्लीत होती, ती सरकवून गेटचा फोटो टाकला.

चौकशीचा फॉर्म मी स्वतः भरून पाठवला. उत्तर आलं, 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू.' संपर्क कोण करणार? ईमेल जात होता आमच्याकडून कधीच सोडून गेलेल्या एका सेल्समनच्या पत्त्यावर. त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे नाही. किती वर्षांच्या चौकश्या त्यात पडून आहेत, देव जाणे. आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे लोक दार वाजवत हुते, आपण आत झोपलो हुतो." फॉर्म काढून टाकला. त्याजागी दोन बटणं: एक दाबलं की फोन लागतो, दुसरं दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, त्यात मशीनचं नाव आधीच भरलेलं. आधी नंबर फोटोत छापलेला होता, दाबून उपयोगच नव्हता.

सगळ्यात जास्त चालणारं पान मात्र मला सुचलेलंच नव्हतं, वहीनं सुचवलं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अवजारासाठी निवड झाली की शेतकऱ्याला कागद चढवावे लागतात, त्यात कोटेशन आणि मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. आमचे अहवाल कपाटात फायलीला लावलेले. कुणी मागितला की फोटो काढून पाठवायचा, तोही अंधुक. आता प्रत्येक मॉडेलचा अहवाल नीट स्कॅन करून साइटवर आहे, आणि कोटेशनसाठी काय काय कळवायचं ते शेजारीच लिहिलंय. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय मशीन घेऊ नका, हेही ठळक लिहिलं. त्यानं विक्री लांबते हे खरं, पण आधी घेऊन अनुदान हुकलेला माणूस गावभर आमचंच नाव घेतो. निवडीचे मेसेज यायला लागले की या पानावर गर्दी उसळते. तालुक्याच्या ठिकाणचे सेवा केंद्रवालेही तिथूनच अहवाल उतरवून घेतात आणि समोरच्याला आमचं नाव सांगतात. जाहिरातीला पैसे घालून हे झालं नसतं. फेसबुकवर घातले होते, तर दूरदूरच्या राज्यांतून नुसते भाव विचारणारे मेसेज आले, पोचवायचं भाडं मशीनच्या निम्मं. बंद केलं.

फोन फार वाढले असं नाही. पण आधी दहा मिनिटं माहिती देण्यात जायची, आता बरेच जण "तीन एचपीचं, सिंगल फेज, कधी मिळंल?" इथूनच सुरुवात करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर झिजलेल्या पात्याचा फोटो येतो आणि कुरियरनं पातं जातं, हा तर नवा धंदाच सुरू झालाय.

त्यामुळे पुढचं काम सुट्या भागांचं पान. कुठल्या सालच्या मशीनला कुठली पाती बसतात याची यादी आबांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. दुपारी जेवण झालं की मी वही घेऊन बसते, ते सांगतात, आणि जुनी मॉडेलं निघाली की मधेच कुठल्या गावात कुणाला विकलं तेही सांगत बसतात. २००९ पर्यंत आलोय.